शाल मी आयर्लंडला दिली

डॅलसच्या मराठी मंडळींनी एका महाराष्ट्र दिनाला शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार केला होता. कारण काय, तर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातला सहभाग. आता मी ऐंशी ओलांडली आहे, तेव्हा खरं सांगून टाकतो. त्या काळी मी रस्त्यावर होतो हे खरं, पण पलीकडच्या बाजूनं. आम्ही चौघं मित्र नागपुरात कॉलेजच्या भिंतींवर गेरूनं 'वेगळा विदर्भ' लिहीत असू. त्यातला 'र्भ' माझ्याकडे असे, कारण रफार मलाच नीट जमायचा.

खोट्याची सुरुवात संत्र्यापासून झाली.

२००७ साली आम्ही नवराबायको सहा महिन्यांसाठी मुलाकडे, डॅलसजवळच्या प्लेनोला होतो. तिथे संध्याकाळी पायी फिरणारी माणसं दोनच. एक मी आणि दुसरा पलीकडच्या गल्लीतला आयरिश म्हातारा, निवृत्त प्लंबर. पन्नास वर्षं टेक्ससमध्ये काढूनही त्याच्या डोक्यात आयर्लंडच चालू असे. त्याचं गाव आयर्लंडच्या फाळणीच्या सीमेच्या दक्षिणेला आणि मावशी ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तरेला. लहानपणी मावशीकडून परतताना त्याच्या कोटाच्या अस्तरात लोणी दडवलेलं असे, आणि कस्टमची चौकी येईपर्यंत ते पाघळून त्याच्या मोज्यांत उतरे. मरण्याआधी आयर्लंड एक झालेलं बघायचं, एवढीच त्याची इच्छा होती. त्या वसंतात उत्तरेतल्या बेलफास्टमध्ये दोन्ही बाजूंचे जन्माचे वैरी एकत्र सरकार बनवणार अशा बातम्या येत होत्या. तो फुटपाथवरून चालत नसे, तरंगत असे.

ओळख झाली तेव्हा त्यानं विचारलं, तुम्ही कुठले. मी छाती फुगवून सांगितलं, नागपूरचा, म्हणजे पक्का ऑरेंजवाला. त्याचा चेहरा एकदम दगड झाला. ऑरेंजवाले आपल्याला चांगले ठाऊक आहेत, म्हणाला आणि वळून घरी गेला.

मुलानं उलगडा केला, तोही हसत हसत. उत्तर आयर्लंडमधले, आम्ही ब्रिटनबरोबरच राहणार म्हणणारे कडवे लोक नारंगी पट्टे घालून मिरवणुका काढतात, त्यांना ऑरेंजवाले म्हणतात. एका फळापायी मी माझा प्लेनोतला एकुलता एक मित्र घालवला होता. मुलगा-सून ऑफिसात, नातू बोलायचा तो इंग्रजीत, आणि तेही टीव्हीकडे बघत. मी दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याला गाठून संत्र्याचा खुलासा केला. तेवढ्यावर भागलं असतं. पण मैत्री पक्की करायच्या भरात बोलून गेलो की मी तर जन्माचा एकीकरणवाला, आमचा तुटलेला मराठी मुलूख जोडायला रस्त्यावर उतरलेला माणूस. त्यानं माझे दोन्ही हात धरले.

मग काय विचारता! पहिल्या आठवड्यात मी मोर्च्यात होतो. दुसऱ्या आठवड्यात मोर्च्याच्या पुढे. तिसऱ्यात मी तुरुंगात गेलो आणि तिथेही पुढारीपण केलं. विदर्भाची समजूत घालायला दर हिवाळ्यात नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन भरवायचं ठरलं, हे ऐकून तर म्हातारा खिशातली वही काढून लिहायलाच लागला. डब्लिनची पार्लमेंट हिवाळ्यात बेलफास्टला! नागपुरात येऊन मंडळी काय करतात, त्यानं विचारलं. मी म्हटलं, सावजी रस्सा खातात, नाकातून पाणी काढतात, संत्र्यांच्या पेट्या घेतात आणि परत जातात. तेही त्यानं लिहून घेतलं.

माझी बायको पुण्याची. आम्ही फिरून येऊन अंगणात बोलत उभे असताना ती हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होती.

"अहो, लग्नाच्या बैठकीत माझ्या वडिलांना काय म्हणाला होतात? पुण्याचे लोक इकडे फक्त संत्री खायला येतात."

"ते वेगळं."

"वेगळंच तर मागत होतात तुम्ही."

म्हाताऱ्यानं माझा पराक्रम मुलाच्या कानावर घातला, मुलानं मराठी मंडळात सांगितला, आणि एक मेला शाल माझ्या खांद्यावर आली. ती पांघरवणारे काका मुंबईचे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी नारळ हलवून पाणी आहे का ते बघत बसलो.

पुढच्याच रविवारी दुपारी एका रेस्टॉरंटच्या मागच्या खोलीत म्हाताऱ्यानं तीसेक आयरिश लोक जमवले. आपण एकीची स्वप्नं बघतो, या माणसानं एकी करून दाखवली आहे, अशी माझी ओळख करून दिली. मी बोललो, आणि झकास बोललो. टाळ्या पडल्या. मग पुढच्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, "जे तुमच्या विरोधात होते, त्यांचं मन कसं वळवलंत?"

मी बायकोकडे बघितलं. ती बटाट्याची फोड काट्यावर धरून माझ्याचकडे बघत होती.

"त्यांना कुणी काही विचारलंच नाही," मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं बसल्या जागेवरून विचारलं, "तुम्हाला काय माहीत?"

"कारण त्यांच्यातला एक मी होतो."

गेरूपासून रफारापर्यंत सगळं सांगितलं. तुरुंग परत केला, मोर्चेही परत केले. कुणी हसलं नाही. घरी येताना मुलगा नाकासमोर बघून गाडी चालवत होता आणि बायको गाणं गुणगुणत होती.

तीन दिवस म्हातारा फिरायला आला नाही. मी एकटाच गल्लीला फेऱ्या मारत होतो. चौथ्या दिवशी दारात उभा, हातात संत्र्यांची जाळीची पिशवी.

"त्या बाजूच्या माणसाशी मी जन्मात तासभर बोललेलो नाही," तो म्हणाला. "आत येऊ का?"

आत आला, सोफ्यावर बसला, वही काढली आणि विचारलं की काय केलं असतं तर मी तो रफार काढला नसता. मी म्हटलं, कुणी घरी येऊन विचारलं असतं, तर कदाचित. यावर तो इतका हसला की बायको पाणी घेऊन धावत आली. म्हणाला, मग आयर्लंडचं नक्की जमेल. आपण प्लंबर, बेलफास्टमध्ये नळ तुंबला की कुठलाही ऑरेंजवाला आपल्याला घरात घेईल.

मी उठलो आणि कपाटातली शाल आणून त्याच्या खांद्यावर घातली. एकी मनापासून मागणारा त्या घरात तोच एक होता. त्यानं शालीचा पदर उजेडात धरून बघितला.

"नारंगी आहे," तो म्हणाला.

"आहे खरी."

"आमच्या झेंड्यातही हा रंग आहे, ऑरेंजवाल्यांसाठीच ठेवलेला. अंगावर घ्यायला मात्र कुणी तयार नसतं." आणि ती पांघरूनच तो फिरायला निघाला. नारळ त्याला फोडता आला नसता, म्हणून तो आम्ही खाल्ला.

मंडळाला विनंती इतकीच, की शाल परत मागू नये.