वांग्यात शिमला मिरची

परमुलखात गेलेल्या माणसाला सगळ्यात आधी मातृभूमी आठवते. माझ्या सुनेला वांगं आठवलं.

ती सिसिलीतल्या कातानियाची. मुलाने तिथेच लग्न केलं आणि यंदा दोघं हिवाळाभर राहायला गंगाखेडला आली. सिसिली म्हणजे इटली आणि इटली म्हणजे चीज, एवढ्या भांडवलावर आमच्या घराने पाहुणचार सुरू केला. उपम्यावर चीज, धपाट्यावर चीज, एकदा वरणावरसुद्धा. ती प्रत्येक घासाला "खूप छान" म्हणायची आणि वाळत चालली होती. शेवटी तिने मुलाला सांगितलं, मी पुढे जाते, तू मागून ये. तिकीटही काढलं.

माझ्या थोरल्या दिरांनी यावर घरात बैठक बोलावली. "सासरच्या अन्नाशी जुळवून घेणं, हाच खरा संस्कार," ते म्हणाले. हे गृहस्थ हैदराबादला लग्नाला जातानाही स्वतःची भाकरी आणि ठेचा बांधून नेतात. मी तसं म्हणाले.

"तो विषय वेगळा आहे."

"वेगळा कसा, भावजी? भाकरी तुमची आहे म्हणून?"

बैठक तिथे संपली. तिकीट तसंच राहिलं.

तिच्या जाण्याच्या आधी चुडाव्याला नात्यात डोहाळजेवण होतं. आम्ही सगळे गेलो. परतताना पूर्णा स्टेशनवर गाडी बदलायची होती, आणि पुढच्या गाडीला उशीर होता. स्टेशनबाहेर एक फॅमिली रेस्टॉरंट आहे. आमच्याकडे फॅमिली म्हणजे पडदा. बायकामाणसं दिसली की कप्प्यात बसवतात आणि पडदा ओढून घेतात, जसं काही आत ऑपरेशन व्हायचंय. आम्ही पडद्याआड बसलो. मालकाने सुनेकडे पाहून मुलाला विचारलं, "ताई कुठल्या हायत?"

"सिसिलीच्या."

मालक आत गेला. आला तो पावात घातलेल्या पाटवड्या घेऊन. मला तरी त्या पाटवड्याच वाटल्या: बेसन शिजवून, थापून, कापून तळलेलं, वर लिंबू. सुनेने एक घास खाल्ला आणि "छान" म्हणाली नाही. नुसती खात राहिली.

"तिकडंच सिसिलीत, पालेर्मोत, मी लय वर्षं हॉटेलात काम केलंय," मालक म्हणाला. "ह्ये आमी घरी करतो. गिऱ्हाइकाला पनीर लागतंय."

मग त्याने एक मोठं ताट आणून मधोमध ठेवलं. तळलेलं वांगं, टोमॅटो, कांदा, व्हिनेगर, साखर. तिकडे असंच खातात, सगळे एकाच ताटातून.

"ताटल्या आणा," दीर म्हणाले. "आमच्यात उष्टं चालत नाही."

मी पावाचा तुकडा मोडला आणि मधल्या ताटात बुडवला. पुन्हा मोडला, पुन्हा बुडवला. दीर पडद्याकडे बघत बसले.

सुनेने एक घास घेतला, पाव खाली ठेवला आणि मालकाला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. त्याने उत्तर दिलं. तिने पडदा सरकवला, उभी राहिली आणि हातवारे करून बोलू लागली. तोही मागे हटेना. शेजारच्या कप्प्यांचे पडदे एकेक करून उघडले.

"काय झालं?" मी मुलाला विचारलं.

"ती म्हणते, शिमला मिरचीशिवाय हे वांगं म्हणजे आजाऱ्याचं जेवण. तो म्हणतो, कातानियावाल्यांचा वांग्यावर विश्वासच नाही, म्हणून मिरची घालतात."

"आवडलं नाही तिला," दीर समाधानाने म्हणाले. "मी सांगतच होतो."

"भावजी, आल्यापासून ती पहिल्यांदा खरं बोलायलीय. बोलू द्या."

मालकाने कमरेचा रुमाल सोडून तिच्यापुढे धरला. "मंग करून दावा," तो मराठीत म्हणाला, सगळ्यांना कळावं म्हणून. ती आत गेली. दीर म्हणाले, घरच्या सुनेने हॉटेलच्या चुलीपुढे उभं राहणं शोभत नाही. मी म्हणाले, तुम्ही गाडी पकडा, आम्ही मागून येतो. गाडी आली तेव्हा ते एकटेच चढले.

तिचं वांगं मालकाने चाखलं, मान हलवली आणि पुढच्या रविवारी पुन्हा यायला सांगितलं. त्याला ते मान्य नव्हतं. तिलाही त्याचं मान्य नव्हतं. तिने तिकीट पुढे ढकललं.

दिरांनी नातेवाइकांना कळवलं की आपल्या संस्कारांपुढे अखेर सून नमली. मी त्याच नातेवाइकांना एकेक करून फोन लावला आणि सांगितलं की ती पूर्ण्याच्या एका हॉटेलवाल्याशी भांडायला थांबली आहे, आणि आमच्या घरात एवढं मनापासून आजवर कुणी जेवलेलं नाही.

भांडण अजून मिटलेलं नाही. मालकाने दोन्ही प्रकार बोर्डावर लावले आहेत. एकाचं नाव गोड वांगे साधे आणि दुसऱ्याचं गोड वांगे स्पेशल.