तेजाबावर टाकलेला चुना

माझ्या हुशारीची ही गोष्ट मी होऊन कधी काढत नाही. पण आज तुम्ही चहा पाजलात, तेव्हा ऐका.

लढाईचे दिवस होते. मी मिरजगावचा, नुकताच मॅट्रिक झालेला, आपल्या नगर जिल्ह्यातल्याच एका साखर कारखान्यात गोदामाचा कारकून म्हणून चिकटलो होतो. यंत्रं धुवायचं तेजाब आमच्या गोदामात असे, काचेच्या मोठाल्या बरण्यांत. पहिल्याच दिवशी केमिस्टसाहेबांनी बजावलं, "तेजाब सांडलं तर हात लावायचा नाही. विझवलेला चुना टाकायचा."

मी मान डोलावली. विझवलेला म्हणजे कुठला, हे विचारलं नाही. मॅट्रिक झालेल्या माणसानं विचारायचं असतं का?

आठवड्यानं सकाळी गोदामात शिरतो तर बरण्यांखाली हे एवढं थारोळं. एक पाय दाराबाहेर गेलासुद्धा. पण कारकून होतो ना मी! समोर दिसलं ते चुन्याचं पिंप उघडलं आणि दोन घमेली चुना वर ओतला.

क्षणभर काही नाही. मग चुना तडतडला, फसफसला, वाफेचे लोट उठले. जमीनच उकळतेय असं वाटलं.

"तेजाब फुटलं, पळा!" ओरडत मी बाहेर आलो. हमाल पळाले. हमाल पळाले म्हणून उसाचे गाडीवान बैल सोडून पळाले. कुणी म्हणे बॉयलर उडाला, कुणी म्हणे बाँब पडला. मला विचारलं, तर मी बाँबलाही नाही म्हणालो नाही.

केमिस्टसाहेब आत जाऊन आले. "बरण्या धड आहेत. हा कळीचा चुना, न विझवलेला. साध्या पाण्यावरसुद्धा असाच उकळतो."

"पण पाणी आलं कुठून?" मी विचारलं.

गोदामाचे जुने जमादार रहीमचाचा पुढं झाले. "म्या आनलं हुतं, धूळ बसवाया. बादली लवंडली. पुसाया फडकं आनतो तवर तुमी चुना वतला."

"डोळ्यांत उडाला असता तर आंधळा झाला असतास," साहेब म्हणाले. तेव्हा कुठं मी दोन्ही डोळे चाचपून पाहिले.

चाचांनी मला खाली बसवलं, प्यायला पाणी दिलं. मग अगदी गंभीरपणे साहेबांकडे वळले.

"साहेब, धोक्याचा माल निराळा ठिवायचा हुकूम हाय. मग ह्यांचं टेबल कुठं हलवू?"