उन्हात ठेवलेली होडी

जपानने ब्रह्मदेश घेतला त्या उन्हाळ्यात सरकारला आमच्या तापीवरच्या होड्यांची आठवण झाली. समुद्र आमच्यापासून कुठल्या कुठे. गावातल्या बहुतेकांनी तो जन्मात पाहिलेला नाही. तरी तलाठ्याने चावडीवर हुकूम वाचून दाखवला: मासेमारीच्या सगळ्या होड्या आरमाराच्या कामासाठी ताब्यात घेतल्या जातील, मालकांनी त्या चांगल्या स्थितीत हजर कराव्यात. सुरतेकडे खाडीत उभ्या असलेल्या जहाजांना सामान पोचवायचं होतं म्हणे. तापीची होडी सपाट बुडाची असते, उथळ पाण्यातल्या खडकांवरून सरकावी म्हणून. भरतीच्या पाण्यात तिचं काय होईल, हे हुकूम लिहिणाऱ्याने कुणाला विचारलं नव्हतं. साम्राज्य त्यांचं, शत्रू त्यांचा आणि होड्या भोयांच्या.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. सदऱ्याखाली चळवळीची पत्रकं दडवून गावोगाव फिरायचो. पत्रकांत जेवढं होतं तेवढंच मला कळत होतं, आणि ते मला पुष्कळ वाटायचं. त्या गावी माझा मुक्काम भोईवाड्यात, एका म्हाताऱ्या भोयाच्या घरी. सगळे त्याला आबा म्हणत, मीही म्हणे. म्हातारा, म्हातारी आणि सागाची एक होडी. मुलगा पटकीत गेलेला. होडी त्याने आणि आबांनी मिळून बांधलेली होती.

आमच्याकडच्या भोयांची एक रीत आहे. चैत्रात नदी आटली की ते होडीत दगड भरतात आणि तिला डोहात बुडवून ठेवतात. पहिला पूर येईपर्यंत ती पाण्याखाली राहते. तोवर काठावरून जाळं फेकायचं. बाहेरच्याला वाटेल होडी बुडाली, पण ती बुडवलेली असते म्हणूनच जगते. फळ्या पाणी पिऊन फुगून राहतात, सांधे घट्ट राहतात.

हुकूम आला तेव्हा सगळ्या होड्या डोहात होत्या. बाकीचे सहा भोई म्हणाले, देऊन टाकू, सरकारशी कोण भांडणार. आबा संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसले.

"मन्ही एकच शे, भाऊ. काय करू?"

मी म्हणालो, देऊ नका. डोह सगळ्या गावाला माहीत आहे, पाटील पहिला तिथेच बोट दाखवील. होडी बाहेर काढा आणि वावरात कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली लपवा. कोरड्या जमिनीवर होडी शोधायला कोण जाईल?

म्हातारी चुलीपाशी होती. तिने मान वर केली. "उनमा ठेवशात तं मरी जाई ती. लाकूडले पानी लागस."

"माय, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे," मी म्हणालो. "हा अन्यायाला विरोध करण्याचा प्रश्न आहे."

"तुन्हा कागदमा ऊन ऱ्हास का, भाऊ?"

आबा हसले. "लिखेल-पढेल पोऱ्या शे. त्याले समजस."

"त्याले होडीनं काय समजस? कधी वल्हं धरेल शे का त्यानी?"

धरलं नव्हतं. पण मी आणखी अर्धा तास बोललो, आणि शेवटी आबा उठले.

भर दुपारी, सगळं गाव आडवं झालेलं असताना, आम्ही होडीतले दगड काढले, ती पाण्याबाहेर ओढली आणि बैल जुंपून आबांच्या मेव्हण्याच्या वावरात नेली. वर कपाशीच्या पऱ्हाट्या रचल्या. निघताना आबांनी विचारलं, "रोज दोन घागरी पानी टाकू का वर?"

मी नको म्हणालो. ओल दिसली तर कुणालाही संशय येईल. उलट, तुम्ही इकडे फिरकूच नका.

हे वाक्य माझं आहे. कुठल्याही पत्रकात ते नव्हतं.

चार दिवसांनी सर्कल इन्स्पेक्टर आणि दोन शिपाई आले. सहा होड्या डोहातून काढल्या, पाणी निथळत असतानाच बैलगाड्यांवर चढवून स्टेशनाकडे नेल्या. भोयांच्या हाती एकेक पावती दिली. आबा म्हणाले, मन्ही होडी फुटी गई, चुलीमा जाळी टाकी. सर्कलने डोहाकडे एकदा पाहिलं आणि तो गेला. मला जिंकल्यासारखं वाटलं. त्याच दिवशी मी पुढच्या गावी निघालो आणि वैशाख संपता संपता परतलो.

आबा मी सांगितल्याप्रमाणे एकदाही वावरात गेले नव्हते. आम्ही दोघांनी पऱ्हाट्या बाजूला केल्या. फळ्या वाकून एकमेकींपासून सुटल्या होत्या. सांध्यातून माझी चार बोटं आरपार गेली. खिळे हाताने निघत होते. आबांनी ती पुन्हा डोहात नेऊन ठेवली. आठ दिवसांनी काढली. फटी थोड्या मिटल्या, पण वाकलेली फळी सरळ होत नाही. चिंध्या आणि राळ भरून त्यांनी ती लोटली, तर काठापासून दोन हातांवरच पाणी आत आलं. सुताराने सांगितलं, फळ्या नव्या लागतील. आणि साग लष्कराकडे जात होता, बाजारात फळी मिळत नव्हती.

कुणीतरी खबर दिलीच. शिपाई पुन्हा आला, काठावरच्या होडीला बुटाने ढोसून पाहिलं आणि म्हणाला, "ये तो जलानेका लकडा है." पावतीही दिली नाही.

त्या सहा होड्या परत आल्या नाहीत. त्यांचं काय झालं ते कचेरीत कुणी सांगत नाही, आणि त्याबद्दल मला सरकारला जे म्हणायचं आहे ते मी इतरत्र म्हटलेलं आहे. पण त्या सहा जणांजवळ पावती तरी आहे. सरकारने नेली, असं ते सांगू शकतात. आबांना चावडीवर लोक विचारत, "आमन्या होड्या लढाईले गयात. तुन्ही कोठे गई, वावरमा?"

मी तिथे बसलेला होतो. सगळे हसले. आबा म्हणाले, "मन्हीच अक्कल ती. दुसरा कोनी नही."

मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. त्या पोराच्या सल्ल्याने भोयाची होडी गेली, असं एकदा पसरलं की माझं पत्रक कोण हातात घेणार, हा विचार मी तेवढ्या वेळात पुरता करून घेतला. चळवळीसाठी गप्प बसलो, असंही स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. मला लाज वाटत होती.

आता आबा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून जाळं टाकतात. मोठा मासा डोहात असतो, तिथवर त्यांचं जाळं पोचत नाही. मी गेलो की म्हातारी पाण्याचा तांब्या पुढे ठेवते आणि आत निघून जाते. मागच्या खेपेला मी आबांना म्हणालो, चावडीवर जाऊन खरं काय ते सांगतो.

ते जाळ्यातली गाठ सोडवत होते. "आते सांगीसन काय व्हई, भाऊ," ते म्हणाले. "फळ्या मिळतीन का?"