तुळस खिडकीत नव्हती

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. एका मेडिकल डिव्हाइस प्लांटमध्ये क्वालिटीत आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. या ग्रुपवरचे असले अनुभव मी आजवर चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचले आणि कित्येकांखाली खोचक कॉमेंटही टाकल्यात. आता तुम्ही माझ्यावर टाका... हरकत नाही.

आम्ही आयर्लंडमध्ये, एनिसला राहतो. नवरा समीर आठवडाभर डब्लिनला, सँट्रीच्या ऑफिसजवळ रूम घेऊन. घरी मी आणि आमची पंधरा वर्षांची ईरा. किचनची खिडकी रस्त्याकडे. तुळस मी त्या खिडकीतच ठेवते, कारण बाहेर ठेवली तर इथल्या वाऱ्यात तिचं काही खरं नाही. मातीची चांगली जड कुंडी आहे. संध्याकाळी तिच्यापुढे दिवा लावते.

समोरच्या घरात आनेके राहायची. मूळची हॉलंडची, लग्न करून इकडे आलेली, नव्वदी कधीच ओलांडलेली. गुडघे गेलेले. सकाळी एक बाई येऊन तिला उठवून खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायची, मग दिवसभर ती तिथेच. आमच्या दाराची पायरीसुद्धा तिला चढता यायची नाही.

ईरा शाळेच्या कसल्याशा प्रोजेक्टसाठी तिच्याकडे गेली आणि तिचीच झाली. आईला इथल्या मुलांसारखं "मॅम" म्हणणारी, माझ्याशी बोलताना "ग्रँड" आणि "फाइन" यापलीकडे न जाणारी माझी पोर तिच्याकडे तासन् तास बसायची. शाळेतून सुटली की थेट तिकडे. खिडकीत जिरेनियमची कुंडी असली की "ये", नसली की "मी झोपले आहे", अशी त्यांची खूण ठरलेली. मी कामावरून आले की समोरच्या काचेतून दोघी हसताना दिसायच्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हो, मी जळत होते. एका म्हातारीवर. लिहायला लाज वाटत नाही, कारण ज्यांच्या घरात टीनएजर आहे त्यांना कळेल.

जेवताना तिच्याच गोष्टी. आनेके ईराएवढी होती तेव्हा हॉलंड नाझींच्या ताब्यात होतं. लपून राहिलेल्या ज्यू कुटुंबांसाठी ही सायकलच्या टोपलीत बटाट्यांखाली रेशनकार्डं लपवून न्यायची. चौकात शिपायांनी अडवलं की मुद्दाम रडायची, आई आजारी आहे म्हणून. हिची मैत्रीण लीस, तीही तेवढीच, तिच्या जोडीला. आनेकेच्या मावशीच्या घरी वरच्या मजल्यावर माणसं लपवलेली. खिडकीत कुंडी असली की वर या, काढलेली असली की पुढे निघून जा.

मीही मग हट्टाला पेटले. म्हटलं, "अगं, माझे पणजोबा बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात होते. पत्रकं वाटताना पकडले."

"हाऊ लाँग वॉज ही अ‍ॅट इट?"

"पहिल्याच दिवशी पकडले."

"अरे देवा, मॅम," म्हणून ती जी हसली... माझ्या पणजोबांची पार वाट लागली.

एकदा मात्र ती तिकडून रडवेली आली. आनेकेने तिला लीसचं सांगितलं होतं. एका दुपारी शिपाई मावशीच्या घरात शिरले. आनेकेला वरच्या किचनमध्ये खुर्चीत बसवलं, हलायचं नाही म्हणाले. कुंडी समोर खिडकीत तशीच. खाली लीसची शीळ ऐकू आली, तिने कुंडी बघितली आणि बिनधास्त जिना चढून वर आली. ती परत कधीच दिसली नाही. "शी कुडन्ट गेट टू द विंडो, मॅम," ईरा म्हणाली. "आय आस्क्ड हर, आणि ती म्हणाली की रोज स्वप्नात ती उठते, पण खिडकीपर्यंत पोचत नाही."

मला वाईट वाटलं. पण त्याच रात्री ही म्हणाली, "आपली तुळस पण तशीच आहे. इफ इट्स इन द विंडो, आय नो यू आर इन गुड फॉर्म." मी ताडकन बोलले, "माझी तुळस तुमचा सिग्नल नाही." बघा, देवाच्या रोपावरूनही हेवा.

आणि मग ती म्हणाली, आनेकेचं किचन मस्त गरम असतं, आपलं म्हणजे फ्रिज. ते मला फार लागलं. एप्रिल लागला की मी हीटिंग बंद करते, थंडी असली तरी. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलरचा टायमर दुपारपासून लावला, साबुदाणा भिजत घातला आणि तिला बजावलं, "आज सरळ घरी यायचं. मी लवकर येते, गरम वडे करते. घर पण गरम असेल." तुळशीला पाणी घातलं. गाडी रिव्हर्स घेताना खिडकीकडे बघितलं, तुळस जागेवर होती. हे मी शपथेवर सांगते.

दुपारी ईराचा फोन, रडत. आनेके खुर्चीतच गेली होती. मी पोचले तेव्हा दारात अ‍ॅम्ब्युलन्स होती. ईरा थरथरत होती, तिला चहा द्यावा म्हणून घरी आणलं. अ‍ॅम्ब्युलन्सवाला तिला तपासायला म्हणून बॅग घेऊन बरोबर आला. मी दार उघडून आत पाऊल टाकलं आणि त्याच्या बॅगेला लावलेलं एक छोटं यंत्र किंचाळायला लागलं. त्याने आम्हा दोघींना दंडाला धरून बाहेर ओढलं.

कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही. आमचा जुना गॅस बॉयलर चिमणीला जोडलेला, आणि चिमणीत जॅकडॉ पक्ष्यांनी घरटं करून ती गच्च बुजवलेली. धूर आणि गॅस दोन्हींचा अलार्म होता आमच्याकडे... पण फोडणी घातली की बोंबलायचा, म्हणून बॅटरी काढून कपाटात टाकलेला. तुमच्यापैकी कितीजणांनी हेच केलंय ते मला माहीत आहे. आज उठा आणि परत लावा. अ‍ॅम्ब्युलन्सवाला म्हणाला, "इफ द गर्ल हॅड सॅट इन देअर अ व्हाइल..."

मी ईराला जवळ घेतलं. "सरळ घरी ये म्हटलं होतं ना? मग तिकडे कशी गेलीस?"

"यू टुक द तुळस डाउन," ती म्हणाली. "गेटपाशी आले तर विंडो एम्प्टी. मला वाटलं, तू सांगतेयस आत येऊ नको. सो आय वेंट टू हर."

मी काढली नव्हती. समीर डब्लिनला. किल्ल्या आम्हा तिघांकडेच, दार कुलूपबंद. घरातला गॅस निघून गेल्यावर आत गेलो तर कुंडी खिडकीखाली जमिनीवर उभी. माती सांडलेली नाही, पान तुटलेलं नाही. शेजारी निरांजन नीट ठेवलेलं.

समीर म्हणतो, सकाळच्या गडबडीत तूच खाली ठेवली असशील, विसरलीस. त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. ईराने वाद घातला नाही. एवढंच म्हणाली, "शी गॉट देअर धिस टाइम, मॅम."

मी खूप रडले. आनेकेसाठी, लीससाठी. आणि खरं सांगू? त्यातही थोडा मत्सर होताच. माझ्या लेकीसाठी माझ्या घरात, माझ्या तुळशीला हात लावून जे करायचं ते दुसरीनेच केलं, आणि मी मात्र बॉयलर लावून गेले होते.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे अजूनही नाही. कोणाकडे असेल तर लिहा, खोचक असलं तरी चालेल. आनेकेचा जिरेनियम आता आमच्या खिडकीत, तुळशीशेजारी आहे. मी शिफ्ट बदलून घेतली. ईरा शाळेतून येते तेव्हा मी खिडकीत उभी राहून हात हलवते. ती गेटपाशी थांबते, आधी कुंड्या बघते, आणि मग माझ्याकडे.