भाऊजींनी साफ केलेला आवाज

धाकट्या भाऊजींबद्दल एकदा तरी बरं लिहावं म्हणून देवापुढे हात जोडून बसले, पण पेन काही वळेना.

गल्लीत त्यांना सगळे 'तबकडी' म्हणतात. नाक्यावर त्यांचं दुकान आहे. लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी आधी सीडीवर, मग डीव्हीडीवर आणि आता ब्लू-रेवर उतरवून देतात. काल जिला डोक्यावर घेऊन नाचले ती आज भंगार, ही त्यांची रीत. माणसांशीही तसंच. 'सगळ्यांचं भलं कर' असं रोज म्हणते मी, पण त्या सगळ्यांत भाऊजीही येतात हे आठवलं की जीभ अडखळते.

रविवारी ब्लू-रेचा नवा प्लेअर घेऊन आले.

"वहिनी, डीव्हीडीचा किरण लाल, जाडा. याचा निळा, बारीक. बारीक सुईने जास्त टाके बसतात की नाही?"

"बसतात. पण कापडच विटकं असेल तर?"

"तुम्ही आपलं स्वयंपाकघर सांभाळा!"

जीव टांगणीला लागला होता तो सासूबाईंचा. नणंदेच्या लग्नाची डीव्हीडी भाऊजींनी नव्या तबकडीवर उतरवायला नेली होती. मामंजी गेले, त्यांचा आवाज उरलाय तो तेवढ्यातच. चित्रात ते दिसतसुद्धा नाहीत. सासूबाई पाहुण्यांत बसलेल्या असतात आणि मागून खोकत खोकत हाक येते, "अगं, ऐकतेस का?" बायकोला नावाने हाक मारली नाही त्यांनी जन्मात. सासूबाईंना आता पडद्यावरची माणसं नुसत्या सावल्या दिसतात. त्या बसतात त्या हाकेसाठी.

भाऊजींनी नवी तबकडी घातली, टीव्ही लागला. पाहुणे आले, नणंद हसली, दृश्य बदललं. हाक आलीच नाही.

"हाक कुठाय रे?" सासूबाईंनी विचारलं.

"कसली हाक? हां, ती! मागे कोणीतरी खोकत होतं, ओरडत होतं. गाळलं ते. आता आवाज बघ कसा स्वच्छ!"

"कोणीतरी? मेल्या, बाप होता तुझा!"

भाऊजींचं तोंड उतरलं, पण तोरा नाही. "मग जुनी आहे की! दुकानात."

जुनी दुकानाच्या खिडकीत दोरीला टांगलेली होती, कबुतरं येऊ नयेत म्हणून. हे जाऊन घेऊन आले. वाऱ्याने गजांवर आपटून आपटून पार खरवडलेली. मी मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसली. नव्या प्लेअरने ती जरा फिरवली, घरघरला आणि बाहेर ढकलली. आमच्या जुन्यानेही तेच केलं.

"कॉम्प्युटरवर तरी ठेवलंयस का?" यांनी विचारलं.

"जागा नव्हती. पुसलं." मग भाऊजी सासूबाईंकडे वळले. "आई, अगं एवढं काय त्यात…"

"आई म्हणू नकोस मला," सासूबाई म्हणाल्या. "तेही गाळ."

भाऊजी चपला घालून निघून गेले. प्लेअर इथेच राहिला. थोड्या वेळाने सासूबाई म्हणाल्या, "ते खोकं दाराबाहेर ठेव."

ठेवलं.