मामांनी अख्खा वापरलेला मोबाइल

मोबाइल विकत घेणारे लोक गल्लोगल्ली सापडतात, पण विकत घेतलेला मोबाइल अख्खाच्या अख्खा वापरणारा माणूस साऱ्या शिरूर तालुक्यात मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे केंदूरचे माझे मामेसासरे. घरात दहा खोल्या असताना ओसरीवरच झोपणाऱ्याला आपण वेडा म्हणतो. मग मोबाइलवर नुसतं बोलणाऱ्याला शहाणा का म्हणायचं, असा त्यांचा रोकडा सवाल असे. फोनमध्ये भिंग आहे हे कळल्या दिवसापासून ते आपल्या शेतातल्या झेंडूच्या एकेका फुलात डोकावून किडे शोधू लागले. आमच्या दौंडच्या नव्या घरी वास्तुशांतीला आले, तेव्हा पाया पडून घेण्याआधी त्यांनी फोनमधली पाणसळ उघडून फोन स्वयंपाकाच्या ओट्यावर आडवा ठेवला आणि भटजींसमोर जाहीर केलं, "जावईबापू, वटा दोन अंशानं कललाय. दूध उतू गेलं की शेगडीखाली शिरणार." तेव्हापासून आमचं दूध नेमानं शेगडीखाली शिरतं.

पॉवरचं बटण पाच वेळा दाबलं की जवळच्या माणसांना संकटाचा निरोप जातो, हे कळल्यावर त्यांनी ते लगोलग दाबलं. कारेगावहून मेहुणे जीप घेऊन धावले, मी दौंडहून रजा टाकून निघालो. पोहोचलो तर मामा अंगणात खुर्ची टाकून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसलेले. "जावईबापू, तुमाला पावणेदोन तास लागले. तेवढ्यात माणूस जाईल की वो!"

हा सगळा खटाटोप आम्हाला हसण्याचा विषय होता. पण मामींच्या कानांनी दगा दिला आणि खटाटोपाला धार चढली. कानाचं मशीन आणलं होतं, पण त्यातून भांड्यांचाच आवाज मोठा यायचा, म्हणून ते डबीत गेलं. एका हळदीला कुणी विचारलं, "सून कुठं हाय?" मामींना ऐकू आलं ऊन. म्हणाल्या, "व्हय, लई हाय, दुपारी तर चटका बसतोय." बायका हसल्या, मामीही हसल्या. पण त्यानंतर कुठल्याही कार्यात त्या थेट आतल्या खोलीत जाऊन लसूण सोलत बसायच्या. चार माणसांत यायच्या नाहीत.

मामा शिरूरच्या मोबाइलवाल्याकडे गेले. बोललेलं लिहून दाखवील असं काही यात आहे का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, असलं काही नसतं. मामा म्हणाले, "तू बघितलंस का समदं?" आणि घरी येऊन सेटिंग्ज उघडून बसले. रोज दुपारी जेवण झालं की एकेक ओळ उघडायची, वाचायची, वहीत खूण करायची. अकराव्या दिवशी मला फोन आला. "जावईबापू, ॲक्सेसिबिलिटी म्हंजी काय?"

मी म्हटलं, "ज्यांना कमी दिसतं, कमी ऐकू येतं, त्यांच्यासाठी सोय."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "मंग ही इतक्या खाली का दडवली?"

सोय सापडली, पण तिला केंदूरची बोली कळेना. मामांनी फोनपुढं विचारलं, "जेवलीस न्हवं?" पडद्यावर उमटलं, 'जेवलीस नऊ'. मामी वाचून म्हणाल्या, "नऊ कसं? बारा वाजल्यात." दुसरा कुणी असता तर त्यानं फोन पेटीत ठेवला असता. मामा म्हणाले, "यंत्र सुधरत न्हाई ना, मग आपुन सुधरू." आणि साठी उलटलेला तो माणूस बातम्या ऐकून पुस्तकी मराठी शिकू लागला. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा ते फोनसमोर ताठ बसून, एकेक शब्द तोलून म्हणत होते, "आज वांग्याची भाजी उत्तम झाली आहे." मामी मला म्हणाल्या, "चाळीस वर्सांत भाजीला कवा चांगली म्हणले न्हाईत. आता लिवून देत्यात!" घरी येणाऱ्या प्रत्येकाला मामा दारातच दटावू लागले, "हाय नाही, आहे म्हणा. आहे!" फुलांचा व्यापारीसुद्धा त्यांच्या ओसरीवर शाळेतल्यासारखा बोलायचा.

परवा कारेगावला भाचीचा साखरपुडा झाला. मामा मामींचा हात धरून त्यांना बैठकीत घेऊन आले, शेजारी बसले, फोन त्यांच्या मांडीवर ठेवला. नवऱ्या मुलाच्या आजोबांनी आपल्या लग्नातली फजिती सांगितली. सगळी बैठक खदाखदा हसली आणि हसून गप्पही झाली. मामी अजून वाचत होत्या. अक्षरं माणसांच्या मागून, धापा टाकत येत होती. मी मामांकडे पाहिलं. इतक्या लोकांत एकटे तेच हसले नव्हते. ओठ घट्ट मिटून, मामींच्या चेहऱ्याकडे टक लावून बसले होते. मामी शेवटच्या ओळीशी पोहोचल्या, त्यांच्या डोळ्यांत आधी हसू आलं, मग पदर तोंडाला गेला, आणि त्या शांत झालेल्या बैठकीत मामा त्यांच्याबरोबर मोठ्यानं हसले.