खाडीची मासळी

शेजारचे गृहस्थ खाडीकाठच्या रंगाच्या कारखान्यात आहेत. बोलताना त्यांची बोटं एकमेकांवर घासत असतात आणि मध्येच नकळत नाकाशी जातात. "आता जहाल रसायन नाही हो, सगळा रंग पाण्यातच बनतो. तेच पाणी शुद्ध करून परत वापरतो," हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलंय की पाठ झालंय. माझी बायको वारली तेव्हापासून ते रोज संध्याकाळी येतात, पण खुर्चीत टेकत नाहीत. बोलत येरझाऱ्या घालतात.

लोक अजून खाडीची मासळी घ्यायला कचरतात. म्हणून दारावर मासेवाली आली की ते मुद्दाम तीच घेतात, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात.

परवा त्यांची लेक बाळंतपणाला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखी खाडीची मासळी घेतली आणि मग हळूच विचारलं, "मावशी, बंदरावरचे बांगडे आहेत काय गो? लेकीसाठी."

"काय वो साहेब, तुमचा पाणी लेकीक चालत नाय?" ती म्हणाली. त्यांची बोटं नाकाशी गेली. तिनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि पाटीच्या तळातून पानात बांधलेले बांगडे काढले. "घेवा. सुनेसाठी ठेवले होते. तिला पण सातवा लागलाय."

दोघांनीही मान वर केली नाही.

"तुम्हाला कुठली देऊ, काका?" तिनं मला विचारलं.

"खाडीचीच दे," मी म्हणालो. माझ्या घरी आता ज्याच्यासाठी वेगळी मासळी घ्यावी असं कोणी नव्हतं.